नजर चुकवली म्हणजे खोटं?

चोराच्या मनात चांदणं असतं आणि ते चेहऱ्यावर उमटतं, अशी आपली पक्की समजूत. ती फक्त आपलीच नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं, खोटं बोलणारा कसा ओळखावा? सर्वाधिक मिळालेलं उत्तर होतं, तो नजर चुकवतो.

प्रत्यक्षात नजरेचा आणि खोटेपणाचा संबंध जवळजवळ नाहीच.

त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 24 हजारांहून अधिक लोकांच्या अंदाजांचा एकत्रित हिशेब मांडला. खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं सरासरी 54 टक्के. नाणं उडवून कौल घेतला असता, तरी 50 टक्के बरोबर आले असते! घाम फुटणं, अडखळणं, घशाला कोरड पडणं ही भीतीची लक्षणं आहेत, आणि चौकीत बसवलेला निरपराध माणूसही घाबरतोच. खरा धोका इथेच आहे.

खोटं पकडणारं म्हणून ओळखलं जाणारं पॉलिग्राफ यंत्रसुद्धा श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटं मोजत नाही. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवाय नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी करायला मनाई केली, हे योग्यच झालं.

मग खोटं ओळखायचं कसं? इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी चेहरा सोडून हकिकतीकडे लक्ष वळवलं. घडलेला प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायचा. रचलेली गोष्ट उलटी सांगताना डोक्यावर जास्त ताण येतो, आणि बोलणाऱ्याची गाडी अडखळू लागते.