ट्यूब अखंड उतरवा



कर्नाळ्यात बोलायला उभं राहणाऱ्यानं पक्ष्यांवर बोलावं, किल्ल्यावर बोलावं, नाहीतर शेजारच्या शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांवर बोलावं, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र ट्यूबलाइटवर बोलणार आहे. येत्या दोन-चार वर्षांत आपल्या घरांतून, शाळांतून, देवळांतून उरलेल्या ट्यूब उतरणार आहेत. त्या कशा उतरतात, यावर इथल्या पाण्याचं आणि मासळीचं बरंच काही अवलंबून आहे.

ट्यूबमध्ये तार तापून उजेड पडत नाही. नळीत विरळ वायू आणि किंचित पारा असतो. वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते, आणि नळीला आतून दिलेला पांढरा थर त्या किरणांचं आपल्याला दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो. म्हणजे पाऱ्याशिवाय हा दिवा चालतच नाही. ट्यूबच्याच तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या घरगुती सीएफएल दिव्यात साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याच्या कितीतरी पट. एक दिवा फुटला म्हणून घर सोडून पळायचं कारण नाही, आणि तुम्हाला घाबरवायला मी आलेलो नाही. प्रश्न बेरजेचा आहे. पारा नष्ट होत नाही. हवेत गेला तरी पावसाबरोबर खाली येतो, ओढ्यातून खाडीत जातो. तिथल्या गाळातले जिवाणू त्याचा मिथिल मर्क्युरी करतात. ते लहान माशात शिरतं, लहान मासा मोठ्या माशाच्या पोटात जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून मांदेलीत ते कमी आणि मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशात जास्त सापडतं.

जपानमधल्या मिनामाता गावानं याची किंमत मोजली. तिथल्या चिस्सो कंपनीचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली, पण त्याआधी गावातली मांजरं झटके येऊन मरत होती. मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी गेली, आणि पोटातल्या बाळांना आईपेक्षा जास्त इजा झाली. कारखान्याच्या सांडपाण्याची आणि आपल्या ट्यूबची मात्रा सारखी नाही, हे स्पष्ट सांगतो. पण पाऱ्याची वाट तीच आहे. आणि आपला भाग कोणता? उत्तरेला तळोज्यातून कासाडी नदी पनवेलच्या खाडीकडे जाते, दक्षिणेला पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे. दोन्ही नद्यांच्या काठांवर औद्योगिक वसाहती आहेत, आणि दोन्ही खाड्यांवर आगरी-कोळ्यांची ताटं अवलंबून आहेत. इथल्या पाण्यावरचा भार आणखी वाढवणं आपल्याला परवडणारं नाही.

आता एक प्रामाणिक आक्षेप. २००९ साली सरकारनंच ‘बचत लॅम्प योजना’ आणून सीएफएल घरोघरी पोचवले, मग तेव्हा चुकलं का? माझ्या मते नाही. कोळसा जाळतानाही पारा हवेत जातो. पिवळा बल्ब वीज इतकी खात होता की सीएफएलमुळे वाचलेल्या विजेत थोडा पाराही वाचत होता. त्या वेळचा तो हिशेब बरोबर होता. आज तो उरलेला नाही, कारण एलईडीत पारा नाही आणि वीजही सीएफएलहून कमी लागते. ५ जानेवारी २०१५ ला स्वस्त एलईडी बल्ब देणारी उजाला योजना सुरू झाली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आता पाऱ्याच्या दिव्याच्या बाजूनं बोलण्यासारखं काही शिल्लक नाही.

जगानंही तेच ठरवलं आहे. पाऱ्यावरचा करार मिनामाताच्याच नावानं २०१३ साली झाला. भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२२ आणि २०२३ च्या बैठकांत दिव्यांच्या तारखा ठरल्या: घरगुती सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत, जुन्या प्रकारच्या ट्यूबची २०२६ पर्यंत, उरलेल्या ट्यूबची २०२७ पर्यंत थांबवायची. मुदतवाढ मागण्याची सोय करारात आहे. ती आपण मागू नये, असं माझं मत आहे.

पण बंदी नव्या मालावर आहे. भिंतीवरच्या ट्यूबचं काय? वायरमन येतो, पट्टी उतरवतो. चोकमध्ये तांबं असतं, पट्टीचा पत्रा विकला जातो, ते भंगारवाला घेतो. ट्यूबला भाव नाही. ती कचऱ्यात उभी राहते, नाहीतर फटाक्यासारखा आवाज होतो म्हणून पोरं भिंतीवर आपटतात. लग्नाच्या मांडवांनी आणि जत्रांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या ट्यूबचे ढीग कुठे गेले, हे आपण कधी विचारलं नाही. फुटलेल्या ट्यूबमधली पाऱ्याची वाफ सगळ्यांत आधी कचरावेचक बाईच्या श्वासात जाते. म्हणून मला बदल होत असतानाचा हा काळच जास्त धोक्याचा वाटतो.

नियम झाले. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी हे दिवे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं. ई-कचरा नियम लागू झाले १ ऑक्टोबर २०१६ ला, आणि योगायोग असा की पनवेल महानगरपालिकाही त्याच दिवशी अस्तित्वात आली. मात्र घनकचऱ्याचा तो नियम मुख्यतः शहरांसाठी होता. कर्नाळ्याभोवतीची लहान गावं आणि वाड्या त्यातून निसटल्या. घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र मात्र शेजारी तळोज्यातच आहे.

गावात अशी सोय होईपर्यंत, घरात दिवा फुटला तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यानं पारा पसरतो. तुकडे जाड पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक भुगा चिकटपट्टीनं आणि ओल्या कागदानं टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. चुलीत टाकू नका.

आणखी एक मागणी, कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याच्या बाजूनं. महामार्गालगत नवे एलईडी लावताना ते पांढरेफेक नकोत, पिवळसर आणि खाली झुकलेले हवेत. रात्रीचा अंधार ही पक्ष्यांचीही गरज आहे.

१ मे ला ग्रामसभा आहे. त्या सभेत एक ठराव मांडा: गावातली प्रत्येक ट्यूब न फोडता शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आणायची, जुन्या खोक्यांत आडवी ठेवायची, आणि वर्षातून दोनदा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोचवायची. नेण्याचा खर्च उत्पादकांनी उचलावा, असं पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच ठरावासोबत पाठवा. मसुदा मी लिहून आणला आहे. ज्या गावांना हवा असेल त्यांनी व्याख्यानानंतर माझ्याकडून तो घेऊन जावा.