पहिल्या टेबलावरचे नाव
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही येथे विद्वान म्हणून उभे नाही. आम्ही जालना जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामसेवक, कारकून मंडळी. निवडणूक लागली की तहसील कार्यालयाचा आदेश हातात पडतो आणि आम्ही मतदान केंद्रावर जातो. त्या कामाचा अनुभव विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, अशी संस्थेची सूचना आली, म्हणून हे चार शब्द.

मतदानाचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे १९३५ च्या कायद्यानेही मत दिले ते जमीन, कर आणि शिक्षण पाहूनच. आपला मुलूख तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार आला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आजोबा-आजींनी प्रथमच मत टाकले. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या नियमित निवडणुकांना घटनेचा आधार मिळाला.

आता केंद्रावरचे काम. आदल्या दिवशी तहसीलला साहित्य घ्यायचे. यंत्र, मतदार यादीच्या प्रती, शाई, लाख, मोहरा, लिफाफे, एकेक मोजून. मग गाडीत बसून गाव गाठायचे. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पाठ टेकायची आणि पहाटे उठून टेबले लावायची. उमेदवाराच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. केंद्राध्यक्षांच्या हाताखाली मतदान अधिकारी असतात. पहिला अधिकारी ओळख पटवतो, यादीतले नाव मोठ्याने वाचतो आणि त्यावर खूण करतो. त्यापुढे शाई लागते, सही किंवा अंगठा होतो आणि मग यंत्र खुले होते. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात दोन-तीन जागा असतात, म्हणून मतदाराने प्रत्येक जागेसाठी बटण दाबायचे असते. म्हाताऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागते. पण सांगायचे ते पडद्याबाहेरूनच. आत डोकावायचे नाही.

मित्रांनो, या सगळ्यात आम्हाला सर्वांत जोखमीचे वाटते ते पहिले टेबल. त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. गाव ओस पडते, नावे मात्र यादीत राहतात. ग्रामपंचायतीचे मतदान पुष्कळदा याच हंगामात येते. १५ जानेवारी २०२१ आणि १८ डिसेंबर २०२२ ही राज्यभरातील मोठ्या मतदानाची दोन्ही दिवस हंगामातलीच. माणूस फडात आणि नाव यादीत, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ते नाव सांगून मत टाकण्याची सोयच. आणि ग्रामपंचायतीत पाच-दहा मतांनी निकाल फिरतो. मते समान पडली तर चिठ्ठी टाकून निवाडा होतो.

यात आमच्याकडूनही चूक घडली आहे. ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही. यादीत छायाचित्रे येण्यापूर्वीची गोष्ट. दुपारची गर्दी होती, रांग वाढली होती. पहिल्या टेबलावर आमच्यापैकीच एकजण होता. एका बाईने चिठ्ठी पुढे केली. नुसता अनुक्रमांक पाहिला, नाव वाचले, खूण केली. दोन्ही बाजूंचे मतदान प्रतिनिधी बसले होते, कुणी हरकत घेतली नाही. साडेचारच्या सुमारास दुसरी एक बाई आली. अंगावर फडातलीच साडी, हाताला पात्याचे कापे. एक दिवसाचा खाडा करून, मिळेल त्या वाहनाने ती गावी आली होती. तिच्या नावावर खूण झालेली होती.

केंद्राध्यक्षांनी विचारलेल्या सर्व प्रश्नांची उत्तरे तिने बरोबर दिली. नियमाप्रमाणे तिला प्रदत्त मतपत्रिका दिली. असे मत वेगळ्या लिफाफ्यात जाते. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, प्रकरण न्यायालयात गेले तरच त्याचा विचार होतो. तिने अंगठा उठवला, शिक्का मारला, घडी आमच्या हाती दिली आणि विचारले, "मंग हे मोजतेत का, सर?"

खोटे सांगवेना. "नाही, बाई," एवढेच म्हणालो. ती काही बोलली नाही. पदराला अंगठा पुसून निघून गेली. नियमात आम्ही कुठेच चुकलो नव्हतो, असे कागद सांगत होते. पण तिचे मत गेले ते आमच्या टेबलावरून गेले.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट ठरवली. रांग कितीही लांब असो, आधी माणसाचे तोंड पाहायचे, ओळखीचा कागद पाहायचा, मगच खूण करायची. आता यादीत छायाचित्र आहे, पण ते पाहिले तर उपयोग. लोक ओरडतात, "घरचंच माणूस आहे, सोडा ना." आपल्या वस्तीतले लोक हक्काने म्हणतात, "तुम्ही तर आपले." आणि समोरचे संशयाने म्हणतात, "त्यांचाच माणूस बसलाय." दोघांनाही उत्तर एकच द्यावे. या टेबलावर आम्ही कुणाचेच नाही. एक माणूस, एक मत, एक किंमत हे सूत्र आपल्याविरुद्ध मत देणाऱ्यालाही तितकेच लागू आहे. आपल्या बाजूने टाकलेले खोटे मतही कुणातरी गरिबाचेच मत खाऊन टाकलेले असते.

विद्यार्थ्यांना तीन कामे सांगतो. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की ती वस्तीत वाचून दाखवा आणि चुका वेळेत दुरुस्त करून घ्या. ऊसतोडीला गेलेल्यांना मतदानाची तारीख कळवा आणि त्यांची मतदार चिठ्ठी परक्या हाती जाऊ देऊ नका. मतदान प्रतिनिधी म्हणून बसाल तेव्हा गप्प बसू नका. आम्ही परगावचे असतो, चेहरे ओळखणारे तुम्हीच. खोटा मतदार दिसला तर जागच्या जागी हरकत घ्या, मग तो तुमच्या पक्षाचा का असेना.

उद्या तुमच्यापैकी कित्येकजण नोकरीला लागतील आणि असाच आदेश त्यांच्याही हाती येईल. तेव्हा ड्युटी रद्द करून घेण्यासाठी कचेरीत खेटे घालू नका. पहिल्या टेबलावर बसा, नाव स्वच्छ आवाजात वाचा आणि समोर उभे असलेले माणूस त्याच नावाचे आहे ना, एवढे पाहा.