चाकं सरळ चालावीत म्हणून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या मंडळींनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर दहा-पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे तुम्हाला रोज मोबाईलवर भेटतात. मी गाडीच्या सस्पेन्शनवर बोलते. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं, पण जेवणाच्या आधी संपव." तेव्हा घड्याळ समोर ठेवून बोलते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझी गाडी आईच्या अंगणात पाहिली आहे. दोन दारांची, बसकी, जुनी ऑडी टीटी. वापरलेली घेतली. २००६ साली आलेली ही त्या गाडीची दुसरी पिढी. आईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "ह्यात बसायचं की झोपायचं?" ती अजूनही त्यात बसताना देवाचं नाव घेते आणि उतरताना माझं. गाडी माझ्या हौसेची आहे, हे मान्य. पण बाबा गेल्यापासून आई इथे एकटी असते आणि मी दर पंधरा दिवसांनी पुण्याहून एडवणला येते. शुक्रवारी काम संपवून निघायचं म्हणजे वरई फाट्याला यायला रात्र होते. पुढे तांदुळवाडीचा घाट, सफाळे आणि मग आपला रस्ता. पावसाळ्यात हा प्रवास कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या रस्त्यावर गाडी सरळ चालणं ही हौसेची बाब राहत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी गाडीत दोन गोष्टी जाणवायला लागल्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागे, घड्याळातल्या एका मिनिटापेक्षाही कमी. आणि जोरात ब्रेक मारला की गाडीचं तोंड हलायचं, जणू कोणी कोपराने ढकललं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी अलाइनमेंट केली, हिरव्या आकड्यांचा कागद हातात दिला आणि सांगितलं, "मॅडम, चारही शॉकअप बदलावे लागतील." गाडी होती तशीच चालत होती.

मी आपल्या वर्गातल्या एका मित्राला फोन केला. त्याचं बोईसरला टेम्पो-पिकअपचं गॅरेज आहे. नाव घेत नाही, नाहीतर तो आत्ताच मंडपातून उठून जाईल. त्याने विचारलं, "ब्रेक दाबल्यावर खेचते, की सोडल्यावर पण?" मी म्हटलं, दाबल्यावर. "टायरच्या आतल्या कडेला हात फिरवलास?" फिरवला. मागच्या डाव्या टायरची बाहेरची नक्षी चांगली होती आणि आतली कड गुळगुळीत. तो म्हणाला, "मग अलाइनमेंट शेवटी. आधी सैल काय झालंय ते शोध. हलणाऱ्या चाकाचं माप घेऊन काय उपयोग? आणि ही गाडी माझ्याकडे आणू नकोस, हिचं मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ने."

एवढ्या एका फोनने माझं निम्मं काम झालं. मग मी पुण्यात अशाच गाड्यांचं सस्पेन्शन करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यांच्याकडे मी दोन दिवस स्टुलावर बसून जे पाहिलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी थोडी उजळणी. आपण लहान असताना बैलगाड्या होत्या. लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, वरून लोखंडी धाव, आणि दोन चाकांना जोडणारा आख. एक चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी कलायची. एस.टी.ला आणि ट्रकला कमानपाटे आले, धक्का कमी झाला, पण दोन चाकं एकाच आखाला बांधलेलीच राहिली. मोटारीत पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र झालं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून आपण पाहिली, तिला पुढे स्वतंत्र चाकं आणि कॉइल स्प्रिंग होत्या, मागे मात्र कमानपाटेच. चाक स्वतंत्र झालं की आराम वाढतो, पण एक नवीन जबाबदारी येते. आता चाक कोणत्या दिशेला बघतंय हे आख ठरवत नाही. ते ठरवतात चार-पाच दांडे, त्यांच्या टोकाची रबरी बुशं आणि बॉल जॉइंट.

चाकाची तीन मापं असतात. समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललंय, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर चाकाचं नाक आत आहे की बाहेर, तो टो. आणि बाजूने पाहिलं तर ज्या रेषेभोवती पुढचं चाक वळतं ती मागे किती रेललेली आहे, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडून सायकल चालवता येते, ते आठवा. मुलांनी सायकल हात सोडून चालवलेली बाईंना आवडायची नाही, पण त्यामागे कॅस्टरचा मोठा हात होता.

यात टायर सगळ्यात लवकर खाणारा म्हणजे टो. समजा एका चाकाचा टो फक्त पाव अंशाने चुकला आहे. डोळ्याला दिसणारही नाही. पण दहावीचं त्रिकोणमिती आठवा. पाव अंशाचा साईन साधारण ०.००४४. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक साधारण ४.४ मीटर आडवं घासटलं जातं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. एका फेरीत ते टायर चारशे मीटरहून जास्त आडवं ओढलं गेलं. आपल्या मैदानाला एक पूर्ण फेरी, तीही फरफटत. सर, तुम्ही साईनचं कोष्टक पाठ करून घेतलंत तेव्हा आम्ही विचारायचो, याचा उपयोग काय. उत्तर मिळायला वेळ लागला, पण मिळालं.

आता त्या कारागिरांनी काय केलं. पहिला तासभर त्यांनी कोणत्याही मशीनला हात लावला नाही. माझ्याशेजारी बसून गाडी चालवली. मग टायरची हवा गाडी थंड असताना तपासली, चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली आणि गाडी वर घेऊन पहार घातली. पुढच्या लोअर आर्मचं मागचं बुश पहारीने ढकललं की सरकत होतं, रबर चिरलं होतं. ब्रेक मारला की जमीन चाकाला मागे ओढते. बुश धड असेल तर चाक जागेवर राहतं. बुश फाटलं असेल तर चाक मागे सरकतं आणि सरकताना त्याचा टो बदलतो. म्हणून गाडीचं तोंड हलत होतं. शॉकअपचा यात काही संबंध नव्हता. त्यांनी चारही शॉकअप तपासले, एकातूनही तेल गळत नव्हतं, ते तसेच ठेवले. सहा-आठ हजारांची वस्तू बदलायला सांगणं सोपं असतं. "ही बदलू नका" असं सांगायला माणसाला स्वतःच्या हातावर विश्वास लागतो.

मग मापं घेतली. मागचं डावं चाक २० मिनिटं बाहेर बघत होतं आणि मागचं उजवं १० मिनिटं आत. अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं. नीट पाहिलंत तर दोन्ही चाकं डावीकडेच बघत होती, सरासरी १५ मिनिटं, म्हणजे तोच पाव अंश. मागची चाकं डावीकडे चालली की पुढच्यांनाही तितकंच डावीकडे धरावं लागतं. माझ्या हातातलं स्टिअरिंग तिरकं का होतं त्याचं कारण मागच्या चाकांत होतं. आधीच्या ठिकाणी फक्त पुढची चाकं लावून कागद हिरवा केला होता. अलाइनमेंट नेहमी मागून पुढे करायची असते. आधी मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेला लावायची, मग स्टिअरिंग सरळ बांधायचं आणि शेवटी पुढची.

या गाडीला मागे कॅम्बर आणि टो दोन्ही बदलता येतात, त्यासाठी एक्सेंट्रिक बोल्ट असतात. पण डाव्या बाजूचा बोल्ट बुशाच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटला होता. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांचं काय होतं ते एडवणच्या माणसाला माहीत आहे. तेल सोडून एक रात्र ठेवला, गरम केला, शेवटी कापून काढला आणि दांडा नवीन घातला. आधीच्या वर्कशॉपने मागचं माप का बदललं नसेल, त्याचं उत्तर बहुधा त्या एका बोल्टात होतं.

पुढची गोष्ट मला सर्वात आवडली. नवीन बुशं बसवल्यावर त्यांनी बोल्ट हवेत लटकलेल्या चाकावर आवळले नाहीत. जॅक लावून चाक तितकं वर उचललं, जितकं गाडी जमिनीवर उभी असताना असतं, आणि मग टॉर्क पान्याने आवळले. कारण रबरी बुश फिरत नाही, पिळलं जातं. चाक लटकतं ठेवून आवळलं, तर गाडी खाली ठेवल्याक्षणापासून रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात. बिलावरही एकच ओळ येते, "बुश बदलले". फरक कळतो तो वर्षभराने.

मग गाडी थोडी चालवून आणली, सगळं जागेवर बसू दिलं, पुन्हा मोजलं. पुढचा कॅम्बर या गाडीत वेगळा बदलता येत नाही, सबफ्रेम किंचित सरकवून दोन बाजू सारख्या करता येतात, तेही केलं. शेवटी लॅपटॉप जोडून स्टिअरिंगच्या सेन्सरला नवीन शून्य शिकवलं. गाडी घसरू नये म्हणून जी संगणकप्रणाली असते, ती स्टिअरिंग किती वळलंय हे त्या सेन्सरला विचारते. सरळ जाताना स्टिअरिंग चार अंश डावीकडे असेल, तर तिला वाटतं बाई डावीकडे वळतायत. सबंध दोन दिवसांत माझ्या क्षेत्राचा भाग हा एवढाच, पाच मिनिटांचा. आणि आधीचं लोखंडाचं काम बरोबर झाल्याशिवाय त्या पाच मिनिटांना काही किंमत नव्हती.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पावसात घाट उतरले. समोर अचानक गुरं आली, ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. घरी आईने विचारलं, "आज लवकर कशी?" लवकर नव्हते आले. दर वेळी उतरताना असतो तसा चेहरा नव्हता, एवढंच.

आता हे सगळं आज इथे का सांगितलं? दोन कारणं.

पहिलं तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कोणाकडे स्पोर्ट्स कार नसेल, पण व्हॅगन आर, इको, भाजीचा पिकअप आहे, आणि त्यात तुमची मुलं बसतात. जूनच्या आधी टायरच्या आतल्या कडेला हात फिरवा. खाचांमधल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, रबर झिजलं असेल तर टायर बदला. अलाइनमेंट करायला गेलात तर मागच्या चाकांची मापं मागा आणि आधी बुशं तपासायला सांगा. आणि डावा-उजवा भाग जोडीने बदला.

दुसरं शाळेसाठी. आमच्या वेळी जो मुलगा आयटीआयला जायचा त्याच्याबद्दल घरी हळू आवाजात बोललं जायचं. मी इंजिनिअर झाले म्हणून पेढे वाटले गेले. माझ्या गाडीचं कारण मात्र बोईसरच्या गॅरेजमधून, फोनवर, तीन प्रश्नांत सापडलं. आपल्या वर्गात तारापूर एमआयडीसीतले फिटर आहेत, होड्यांची इंजिनं उतरवणारे आहेत, वाडीतले पंप दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याच पुस्तकात पूर्ण लिहिलेलं नाही, आणि ते पुढे गेलं नाही तर गावातली प्रत्येक बिघडलेली वस्तू फेकून नवीन आणण्याची पाळी येईल.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या बॅचने शाळेला यंदा जी भेट द्यायची ठरवली आहे, त्यात एक कपाट हत्यारांचं असू दे. पान्यांचा संच, टॉर्क पाना, व्हर्निअर, एक जुनं इंजिन. आणि वर्षातून चार शनिवार आपल्यातल्या कारागिरांनी आठवी-नववीच्या मुलामुलींना ते उघडून दाखवावं. मुलींना सुद्धा, हे मुद्दाम सांगते. त्यातल्या एका शनिवारी मी गाडी घेऊन येईन, जॅकवर चढवू, आणि सरांच्या साईनच्या कोष्टकाने टो मोजू. बोईसरच्या मित्राने यायचं कबूल केलं आहे. अट एकच घातली आहे, त्याला स्टेजवर बोलवायचं नाही.

घड्याळ सांगतंय की जेवण तयार आहे.