बटण दाबून धरलं आणि कॅमेरा थांबला

आमचा बचत गट बाळापूरचा.

मागच्या लग्नसराईत आम्ही भाड्याचा कॅमेरा घेऊन एका लग्नाला गेलो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, नवरीनं हार उचलला. आमच्या ताईनं बटण दाबून धरलं. चार-पाच फोटो निघाले आणि कॅमेरा गप्प! तो पुन्हा चालू होईस्तोवर दोन्ही हार गळ्यात पडले होते. नवरीला पुन्हा हार घाल म्हणता येते का? ठरल्यापेक्षा कमी पैसे घेऊन परत आलो.

तेव्हा गटाच्या बैठकीत ठरलं, स्वतःचा कॅमेरा घ्यायचा. एक मावशी म्हणाल्या, "फोनात फोटो निघतात ना, मंग कॅमेरा काऊन पाहिजे?" प्रश्न बरोबर होता. भर उन्हात फोन चालतो. पण मांडवातल्या कमी उजेडात आणि लांबून फोन कमी पडतो. खर्चाची हद्द ठरली 35,000 रुपये. दर महिन्याच्या बचतीतून जमलेले पैसे ते, म्हणून आधी नीट समजून घेतलं.

पहिली गोष्ट, सेकंदाला किती फोटो. कॅननचा 1500डी सेकंदाला 3 काढतो, 200डी मार्क टू 5, आणि सोनीचा 2014 साली आलेला ए6000 तब्बल 11. हार घालायला दोन सेकंद धरले, तर पहिल्याचे 6 फोटो आणि शेवटच्याचे 22.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. माणूस हलतो तसा फोकसही हलायला पाहिजे. कॅननच्या आर100 चा आकडा साडेसहा आहे, पण फोकस पाठलाग करत असला की तो साडेतीनवर येतो. दुकानात हेच विचारा: "फोकस चालू ठेवून किती?"

दुसरी गोष्ट, कॅमेरा थांबतो का. बरणीत नरसाळ्यानं तेल ओततो ना, तसंच हे. फोटो आधी कॅमेऱ्याच्या आतल्या जागेत साठतात, मग कार्डात उतरतात. बरणीचं तोंड अरुंद असलं की नरसाळं भरतं आणि हात थांबवावा लागतो. त्या लग्नात आमच्याकडे साधं, संथ कार्ड होतं आणि फोटो 'रॉ' प्रकारात निघत होते, म्हणजे प्रत्येक फोटो दुप्पट-तिप्पट जड. दोष कॅमेऱ्याचा कमी, आमचाच जास्त! आता आम्ही जेपेगमध्ये काढतो आणि कार्डावर व्ही30 लिहिलेलं बघतो. ते सेकंदाला किमान 30 एमबी उतरवून घेते.

तिसरी गोष्ट, उजेड. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, पण भराभर काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळपट येतो. हॉलमध्ये शटर 1/100 वर ठेवलं की फरक पडतो. पोरींची कबड्डी दिवसा मैदानावर असेल तर 1/500 किंवा त्याहून जलद ठेवा, नाहीतर हात-पाय पुसट येतात.

शेवटी अकोल्याला जाऊन जुना ए6000 घेतला. बिल आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळवला. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग पाहिले. स्वतःचं कार्ड नेलं होतं, ते टाकून बटण दाबून धरलं. घरी आल्यावर किल्ल्याजवळ पोट्ट्यांना पळवलं आणि दोन दिवस सराव केला. त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून दोन ठेवल्या. त्याला बाहेरचा माइक जोडता येत नाही, म्हणून व्हिडिओची कामं आम्ही घेत नाही.

एक सावधगिरी. बटण सतत दाबून ठेवाल तर हजार फोटो निवडायला रात्र जाते. हार, अक्षता, चढाई अशा वेळीच दाबा.

कॅमेरा गटाचा आहे. जी बाई काम घेते, ती त्या दिवसाचं भाडं गटाच्या खात्यात भरते, त्यातून रक्कम फिटते आहे. परवा एका लग्नात हार घालतानाचे 20 फोटो निघाले. त्यातल्या एकात नवरी हसतेय आणि नवरदेवाची टोपी घसरतेय. घरच्यांनी तोच मोठा करून मागितला, आणि पैसे पूर्ण दिले.