नॅशव्हिलच्या वाटेवर बॉब डिलन



एप्रिल १९६९. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन जेमतेम वर्ष उलटलेलं. अमेरिकेतली तरुण पिढी ज्याच्या शब्दांकडे कान लावून बसली होती, त्या बॉब डिलनची 'नॅशव्हिल स्कायलाइन' ही रेकॉर्ड तेव्हा आली. एकूण सत्तावीस मिनिटांचा ऐवज. त्यात ना युद्ध, ना निषेध. प्रेम आहे, ताटातूट आहे आणि उघड उघड कंट्री संगीत आहे.

अनेकांना हा पळपुटेपणा वाटला. डिलनचं नाव फोक संगीताशी जोडलेलं; आणि फोक म्हणजे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधले कॉफीचे अड्डे आणि नागरी हक्कांचे मोर्चे, तर कंट्री म्हणजे दक्षिणेतले जुन्या वळणाचे गोरे, अशी वाटणी लोकांनी मनाशी करून ठेवली होती. ही वाटणी राजकारणाची होती, सुरांची नव्हे. मिनेसोटातल्या हिबिंग या खाणींच्या गावात वाढलेला डिलन पोरवयात रेडिओवर हँक विल्यम्स ऐकायचा. ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, तिथेच तो परतत होता, असं मी मानतो.

खरा धक्का आवाजाचा होता. खरखरीत, नाकातून येणारा तो ओळखीचा आवाज गेला आणि त्या जागी मऊ, गोलाईदार गळा आला. सिगारेट सोडल्यामुळे हे झालं, असं डिलनने सांगितलं. मला तेवढं कारण पुरत नाही. या गाण्यांना तसाच गळा हवा होता. त्यांच्यामागे पीट ड्रेकची पेडल स्टील गिटार वाजते. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत आपण जी हवाइयन गिटार ऐकली, तिच्याच कुळातली ही. सुरावरून सुरावर घसरत जाणारी.

'ले लेडी ले' या गाण्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. ड्रमवादक केनी बट्रीने विचारलं, यात काय वाजवू? डिलन म्हणाला, बाँगो. निर्माता बॉब जॉन्स्टन म्हणाला, गाईच्या गळ्यातली घंटा. बट्रीला दोन्ही सूचना पटल्या नाहीत. त्या कशा जमत नाहीत हे दाखवायला म्हणून त्याने दोन्ही वाद्यं वाजवायला घेतली. वाद्यं धरून उभं राहायला स्टुडिओत झाडलोट करणाऱ्या एका तरुणाला बोलावलं. तो क्रिस क्रिस्टोफरसन. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेला आणि पुढे स्वतःच मोठा गीतकार झालेला. जी गोष्ट जमणार नव्हती, तीच त्या गाण्याची ओळख झाली. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत चढलं.

आणि जॉनी कॅश. कंट्रीतला एवढा मोठा माणूस, पण १९६४ पासूनच तो जाहीरपणे डिलनच्या बाजूने उभा होता. या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याने डिलनवर कविता लिहिली आणि त्या मजकुराला ग्रॅमी मिळालं. जून १९६९ मध्ये त्याच्या दूरदर्शन मालिकेच्या पहिल्याच भागात डिलन गायला, तेही नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात. कंट्रीवाल्यांचं ते देऊळच.

रेकॉर्ड उघडते ती या दोघांच्या द्वंद्वगीताने. डिलनने हे गाणं १९६३ मध्ये एकट्याने गायलं होतं. इथे दोघांचे शब्द मध्येच एकमेकांपासून सुटतात, एक पुढे जातो, दुसरा मागे राहतो. त्यांनी ते तसंच ठेवलं. आज घरी गेल्यावर आधी तेवढं एक गाणं ऐका.