शिक्षिकांचा खेळाचा तास

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. शिक्षिकांना मी काही शिकविले असे म्हणण्याचे धाडस होत नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात मागल्या शाळेत शिक्षकांचे दहा दिवसांचे प्रशिक्षण भरले, तेव्हा बायांसाठी संध्याकाळी आपल्या मंडळाने खेळाचा तास चालविला. त्याची हकिकत सांगावी असा आग्रह झाला, म्हणून उभी राहिले.

सुरुवात झाली ती माझ्या दारात. पाणी मागायला आलेल्या एका बाईंचे पाय सुजून टम्म झाले होते. एरवी दिवसभर उभ्याने शिकविणाऱ्या त्या, आता दहा ते पाच लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून लिहून घेत होत्या.

पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. रांगा लावल्या, सूर्यनमस्कार मोजले, वर हजेरीची वही! दुसऱ्या दिवशी १४ पैकी ५ जणी आल्या. दिवसभर हजेरी देऊन विटलेल्यांना मी आणखी एक वर्गच दिला होता. वही घरी ठेवली. सूर्यनमस्कार काही वाईट नव्हेत, पण दमलेल्या माणसाला आधी हसू यावे लागते.

मग उन्हे उतरल्यावर मंडळाच्या अंगणात पाणी शिंपडून झिम्मा घेतला, फुगड्या घातल्या. फुगडी फरशीवर घालू नये, पाय सटकतो, मातीच बरी. घामेजलेले तळवे पदराला पुसायचे, चवडे जुळवायचे, हातांची अढी घालून अंग मागे झोकायचे आणि वेग हळूहळू वाढवायचा. गुडघे दुखणाऱ्यांना बसफुगडी नको. त्यांनी टाळ्या द्याव्यात, गाणे म्हणावे. नुसते पाहत बसलेलीला आम्ही उठविले नाही.

चौथ्या दिवशी खो-खो. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला हरवून तो जिंकला, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी तेच. पन्नाशीला टेकलेल्या एक बाई म्हणाल्या, "वीस वर्षे मुलींना शिट्टी वाजवून खेळवते आहे; मी मात्र लग्नानंतर कधी पळाले नाही." पदर खोचून पळाल्या. बसल्या तेव्हा खो मिळण्याआधीच दोनदा उठल्या. सगळ्या हसल्या, त्याही. नंतर ओट्यावर बसून डोळे पुसू लागल्या. मी घाबरले. "लागलं का हो?"

"नाही हो. सकाळी सहाची एस.टी., घरी गेल्यावर पोळ्या. आज तासभर कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही."

आपल्यातल्याच काही जणी म्हणाल्या होत्या, बाहेरच्या बायांची ही उस्तवार कशाला? आपली पोरे वर्षभर कोणाच्या हाती असतात, एवढेच मी विचारले. शेवटच्या दिवशी चौदाच्या चौदा आल्या, शिवाय आपल्या आळीतल्या सहा सुना.

पुढे पुन्हा प्रशिक्षण भरले तर अंगण शिंपायला दोघी आणि खेळायला घेणाऱ्या दोघी हव्यात. नावे आजच द्यावीत. खर्च लिंबू-साखरेचा. माठ मात्र नवा लागेल; मागचा सातव्या दिवशी खो-खोच्या धांदलीत माझ्याच हातून फुटला.