पेटंटची परीक्षा आणि व्यायामाचे यंत्र



वसंतातल्या या संध्याकाळी काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीत मी पेटंटच्या परीक्षेसारखा रुक्ष विषय आणून बसवला आहे आणि उदाहरणादाखल मोटारीवर चालणारे, उपचाराचे व व्यायामाचे यंत्र घेतले आहे. परंतु ज्या घरात कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा कोणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, त्या घराला हा विषय परका नाही. असे यंत्र एकाच कारखान्याने करावे की गावोगावच्या कारागिरांनीही करावे, आणि पर्यायाने ते केवढ्याला मिळावे, याचा बराचसा निकाल एका टेबलापाशी लागतो. ते टेबल पेटंट-परीक्षकाचे. तिथे काय चालते ते आज आपण पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. पेटंट म्हणजे काहीतरी गुप्त ठेवलेले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 'लेटर्स पेटंट' या मूळ शब्दाचा अर्थच मुळी उघडे पत्र. पेटंट हा समाज आणि शोधक यांच्यातला सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती इतक्या स्पष्टपणे लिहून द्यायची की त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती वाचून करता यावी. त्याच्या बदल्यात ती युक्ती दुसऱ्यांना वापरू न देण्याचा हक्क त्याला मर्यादित काळ मिळतो. आजच्या आपल्या कायद्याप्रमाणे हा काळ अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षांचा आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची.

हा सौदा आपल्या देशात नवा नाही. २८ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनी सरकारने यासंबंधी कायदा केला आणि ३ मार्चला कलकत्त्याचे इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. आपल्याकडील हा पहिला अर्ज मानला जातो. पंखा ओढणे हे त्या काळी माणसाच्या हातांचे काम होते. हातापायांचे काम यंत्राकडे द्यावे, ही माणसाची जुनीच हौस. आपले आजचे यंत्र त्याहून गमतीचे आहे. हातपाय जे काम विसरले, ते काम यंत्राने त्यांना पुन्हा शिकवायचे!

आता हे यंत्र डोळ्यांसमोर आणा. रोगी अंथरुणावर निजला आहे. त्याचा पाय एका गादी लावलेल्या पाळण्यात ठेवला आहे. खाली लहानशी मोटार आहे. ती गुडघा सावकाश वाकवते आणि सावकाश सरळ करते. किती अंशांत वाकवायचा आणि किती वेगाने, हे आधी ठरवून देता येते. रोग्याने जोर करायचा नाही, सगळी हालचाल यंत्राची. कॅनडात टोरांटोचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांवर प्रयोग करून या कल्पनेचा पाया घातला. दुखावलेला सांधा प्लास्टरात जखडून स्वस्थ ठेवावा, हा तोवरचा परिपाठ. सॉल्टर म्हणाले, सांधा हलण्यासाठी आहे, त्याला हलता ठेवा.

तेव्हा ही कल्पना १९७०च्या दशकातली, असे कोणालाही वाटेल. परंतु परीक्षकाला असे वाटून चालत नाही. त्याला शंभर वर्षे मागे, स्वीडनला जावे लागते. गुस्ताव झांडर नावाच्या डॉक्टरांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे यंत्रोपचाराची संस्था काढली. तरफा आणि वजने लावलेल्या त्यांच्या यंत्रांपैकी काहींवर रोगी स्वतःच्या स्नायूंनी जोर करी. काही यंत्रे मात्र वाफेच्या शक्तीवर चालत आणि रोग्याचे अवयव तीच हलवीत. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही यंत्रे मांडली होती. म्हणजे यंत्राने अवयव हलवावेत, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी उजेडात आलेली होती. आणि एकदा उजेडात आलेली गोष्ट पुन्हा कोणाच्या मालकीची होत नाही, हे पेटंट-परीक्षेचे पहिले सूत्र.

समजा, आज एका गृहस्थांनी अशा यंत्रासाठी अर्ज केला आहे. परीक्षक अर्जाचा शेवट आधी पाहतो. तिथे 'दावे' लिहिलेले असतात. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा, तसे अर्जात दावे. इथपासून इथपर्यंतचे रान माझे, असे अर्जदार तिथे सांगतो. समजा पहिला दावा असा आहे : पाय ठेवण्याचा पाळणा, तो हलवणारी मोटार आणि मोटारीची गती बदलण्याची सोय, असे हे यंत्र. परीक्षक विचारतो, हे नवे आहे काय? या दाव्यातले प्रत्येक अंग एकाच जुन्या लेखात किंवा यंत्रात एकत्र सापडले, तर नावीन्य संपले. मग अर्जदार कितीही कळवळून सांगो.

समजा, सगळी अंगे एका ठिकाणी सापडली नाहीत. जुने यंत्र हाताने फिरवायचे होते, अर्जदाराने त्याला मोटार लावली. इथे दुसरा प्रश्न येतो, आणि तोच खरा कठीण : ही गोष्ट त्या धंद्यातल्या कुशल माणसाला सहज सुचण्यासारखी होती काय? आपल्या घरातले उदाहरण घ्या. जात्याची गिरणी झाली, रगड्याला वीज आली. आता उद्या कोणी आणखी एका हाताच्या यंत्राला मोटार लावून 'हा माझा शोध' म्हणू लागला, तर त्याला शोध म्हणायचे काय? अमेरिकेत १९५८ साली पिस्टन ओतण्याच्या साच्यासंबंधी असाच प्रश्न आला होता. जुन्या साच्याला अर्जदाराने वेळ मोजणारे उपकरण जोडून, हाताने करण्याची क्रिया आपोआप होईल असे केले होते. न्यायालयाने सांगितले की हाताने होणारे तेच काम तशाच फळासाठी आपोआप करवले, एवढ्याने पेटंट मिळत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचाही एक निकाल इथे सांगितला पाहिजे. मिर्झापूरच्या धातूच्या भांड्यांच्या धंद्यातला हा खटला. लेथवर भांडे पक्के धरून ठेवण्याच्या एका रीतीला पेटंट मिळाले होते. पूर्वी भांडे लाखेसारख्या पदार्थाने चिकटवीत, आता ते पलीकडून दाब देऊन धरले जाई. प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली निकाल लागला : दाब देऊन वस्तू धरणे ही लेथवर काम करणाऱ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, कारखान्यातल्या नुसत्या सुधारणेपलीकडे काहीतरी असल्याशिवाय शोध होत नाही. पेटंट रद्द झाले. याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली. कचेरीने पेटंट दिले, एवढ्यावरून ते कायम टिकेलच अशी हमी नाही.

आता आपल्या अर्जदाराकडे परत येऊ. ते हुशार आहेत. पहिला दावा उडतो असे दिसताच ते दुसरा पुढे करतात : रोग्याच्या स्नायूंना अचानक पेटका आला, तर यंत्र ते ओळखते, थांबते आणि उलट दिशेने फिरते. अर्धांगाच्या रोग्याच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट, कारण आखडलेला पाय यंत्राने रेटला तर इजा व्हायची. परीक्षक पुस्तके चाळतो, आणि त्याला काय आठवते? लिफ्टचे दार! मध्ये हात आला की तेही थांबते आणि मागे सरकते. आता लिफ्टचे दार दाखवून पाय हलवण्याच्या यंत्राला नकार देता येईल काय?

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण असा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयात लढला गेला आहे. आयकॉन हेल्थ अँड फिटनेस या अमेरिकन कंपनीकडे घडी घालून उभ्या करता येणाऱ्या ट्रेडमिलचे, म्हणजे चालण्याच्या पट्ट्याचे, पेटंट होते. पट्टा उभा केल्यावर नीट स्थिर राहावा म्हणून त्याला वायूची स्प्रिंग बसवली होती. त्या पेटंटची फेरतपासणी झाली. परीक्षकाने दोन जुने कागद काढले. एक होती घडीच्या ट्रेडमिलची जाहिरात, तीत स्प्रिंग नव्हती. दुसरे होते भिंतीतल्या कपाटात उभ्या होणाऱ्या पलंगाचे पेटंट, त्यात अशी स्प्रिंग होती. पलंगाचा आणि व्यायामाचा काय संबंध, असे कंपनीने विचारले. २००७ साली अपील न्यायालयाने परीक्षकाची बाजू उचलून धरली. अडचण व्यायामाची नव्हतीच, ती जड घडी उचलून स्थिर ठेवण्याची होती, आणि पलंगवाल्याने तीच सोडवली होती. झोपण्याच्या पलंगाने व्यायामाच्या यंत्राला हरवावे, यातला विनोद बाजूला ठेवा. तत्त्व असे की अडचण कोणती ते पाहा, दुकानावरची पाटी पाहू नका.

परंतु परीक्षकाने याच वाटेने बेफाम धावूही नये. २०१४ साली त्याच न्यायालयापुढे दुसरे प्रकरण आले. एका अर्जदाराचे यंत्र वल्हवल्यासारखे हात मागे ओढण्याच्या व्यायामाचे होते. परीक्षकाने समोर ठेवले ते छातीने पुढे ढकलण्याचे यंत्र. ज्या दांड्या ढकलता येतात त्या ओढताही येतात, असा त्याचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. एखाद्या यंत्राशी अमुक करता येणे वेगळे आणि ते यंत्र त्या कामासाठी घडवणे वेगळे. ढकलण्यासाठी केलेले यंत्र ओढण्यासाठी नव्याने घडवावे असे कुशल माणसाला का वाटले असते, याचे कारण दाखवावे लागते. उत्तर कळल्यावर कोडे सोपे वाटते. परीक्षकापुढे उत्तर आयते लिहून आलेले असते, म्हणून त्यानेच सर्वांत अधिक सावध राहायचे असते.

या दोन निकालांच्या उजेडात आपल्या अर्जदाराचा न्याय करू या. 'अडथळा आला की थांबावे आणि उलट फिरावे' एवढेच त्यांनी लिहिले असेल, तर लिफ्टचे दार त्यांना आडवे येते. पण थोडा विचार करा. रोग्याचा पाय दोन कारणांनी यंत्राला विरोध करील. एक पेटक्याने, आणि दुसरे म्हणजे रोगी स्वतः पाय हलवण्याची धडपड करू लागल्याने. दुसरी गोष्ट तर बऱ्या होण्याची खूण! मोटारीवर ताण दोन्ही वेळी पडतो. लिफ्टच्या दाराला हा भेद करावा लागत नाही. पेटका कोणता आणि प्रयत्न कोणता, हे ओळखण्याची खरी रीत अर्जदाराने शोधली असेल आणि ती उलगडून लिहिली असेल, तर त्यांना पेटंट नाकारणे हा अन्याय ठरेल. मात्र मिळेल ते तेवढ्याच रीतीचे, पाय हलवणाऱ्या सगळ्या यंत्रांचे नाही. चांगली परीक्षा म्हणजे होकार किंवा नकार नव्हे. शोधकाचे जेवढे तेवढे त्याच्या पदरात घालायचे आणि उरलेले लोकांचे लोकांकडे ठेवायचे, ही चांगली परीक्षा.

आपल्या कायद्याने लोकांकडे काय ठेवले आहे, तेही सांगतो. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालावर आधारलेला १९७०चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की माणसावर उपचार करण्याची पद्धती हा पेटंट देण्याजोगा शोध नाही. म्हणजे यंत्राचे पेटंट होईल, पण गुडघा दिवसातून किती वेळा आणि किती अंशांत वाकवावा या उपचाराचे होणार नाही. डॉक्टरचे हात कायद्याने मोकळे ठेवले आहेत. त्याच कलमात दुसरी एक अट आहे. माहीत असलेली उपकरणे नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिले, तर तोही शोध नाही. मोटार, घड्याळ, गाणी वाजवणारा डबा हे सगळे एका चौकटीत बसवले, तर त्याला मराठीत खोगीरभरती म्हणतात.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात उपयोगी पडेल. यंत्रावर 'पेटंटप्राप्त' असे लिहिले असले की सरकारने गुणाची खात्री दिली, असे आपण समजतो. तसे नाही. हे नवे आहे काय, सहज सुचण्यासारखे होते काय, आणि ते उद्योगात करता-वापरता येते काय, एवढे परीक्षक पाहतो. रोगी लवकर बरा होतो काय, हे त्याने तपासलेले नसते. सॉल्टर यांच्या कल्पनेतून निघालेल्या याच यंत्राचे पाहा. गुडघा बदलल्यानंतर रोग्यांना ते सर्रास लावीत. पुढे अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१४ साली आला. या शस्त्रक्रियेनंतर यंत्राचा म्हणण्याजोगा फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पेटंट मिळाले म्हणून यंत्र औषधी ठरत नाही, आणि पेटंट नाही म्हणून ते निरुपयोगीही ठरत नाही. गुणाची परीक्षा डॉक्टरची, नावीन्याची परीक्षकाची. एकाचे प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या नावावर खपवू देऊ नका.

आता शेवटचे. परीक्षक हा लोकांचा विश्वस्त आहे, पण तो एकटा आहे आणि जग मोठे आहे. छापलेले पेटंट त्याला सापडते. एखाद्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याने दहा वर्षांपूर्वी रुग्णालयाला करून दिलेले, सर्वांच्या देखत वापरलेले यंत्र त्याला कसे सापडावे? म्हणून आपल्या कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती त्याला लेखी विरोध करू शकते. 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द कायद्याचे आहेत. ती प्रतिस्पर्धी कारखानदारच असली पाहिजे असे नाही, ती आपल्यातली कोणीही असू शकेल. अर्ज दर आठवड्याच्या पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतात आणि ते घरबसल्या फुकट वाचता येते. जे आधीपासून सर्वांचे आहे ते कोणी कुंपण घालून नेऊ पाहील, तर पुरावा घेऊन उभे राहणे हे नागरिकाचे काम आहे. आणि आपल्यातल्याच एखाद्या कारागिराने खरोखर नवी युक्ती काढली असेल, तर ती कोणाला दाखवण्यापूर्वी अर्ज करा असे त्याला सांगणे, हेही नागरिकाचेच काम आहे. कारण आधी जाहीर करून मग अर्ज केला, तर बहुधा स्वतःचाच दाखला स्वतःच्या आड येतो.

शोधकाला त्याचे द्यावे आणि लोकांचे लोकांना ठेवावे, एवढेच या परीक्षेचे सार आहे.